तरण तलावाचे क्लोरीन व त्याची पारख

उन्हाळ्याच्या सुट्टीत मूल तरण तलावावर जाऊ लागले की घरची वडीलधारी माणसे एक प्रश्न हमखास विचारतात : “पाण्यात क्लोरीन घालतात ना?” ‘घालतात’ असे उत्तर आले म्हणजे सर्वांचे समाधान होते. वास्तविक या प्रश्नाच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न यावयास हवा, आणि तो सहसा कोणी विचारीत नाही. ते क्लोरीन किती बळाचे आहे?

हा दुसरा प्रश्न आम्हांस एका वैशाखात सुचला. आम्ही पोहावयास जात असू त्या तलावाचे पाणी हिरवट दिसू लागले होते. तेथील रखवालदार काका रोज सायंकाळी न चुकता माप भरून औषध ओतीत. तरीही सारा दोष त्यांच्याच माथी आला. “बाळांनो, माप चुकलेलं नाही,” एवढेच ते म्हणत. अखेर त्या कॅनमधील थोडे द्रावण शाळेच्या प्रयोगशाळेत आणून शिक्षकांच्या देखरेखीखाली तपासले, तेव्हा 10 टक्के म्हणून विकत घेतलेला माल 5 टक्क्यांच्याही खाली उतरलेला आढळला. काकांचे माप खरे होते. माल मात्र खरा राहिला नव्हता. ही पारख कशी करावी, हे येथे सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम नावाविषयी. बाजारात ज्यास ‘लिक्विड क्लोरीन’ म्हणतात, ते खरे द्रवरूप क्लोरीन नव्हे. खरे द्रवरूप क्लोरीन पोलादी नळकांड्यांत दाबाखाली भरलेले असते आणि ते बाहेर पडताच त्याचा विषारी वायू होतो. कॅनमधून मिळते ते सोडियम हायपोक्लोराइटचे पाण्यातील द्रावण होय. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात क्लोरीन वायू सोडला म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, साधे मीठ व पाणी तयार होते. क्लोरीन वायू 1774 साली शेले या रसायनशास्त्रज्ञाने प्रथम तयार केला व 1810 साली हम्फ्री डेव्ही याने ते मूलद्रव्य असल्याचे सांगून त्यास नाव दिले. कापड शुभ्र करण्यासाठी वापरात आलेला हा पदार्थ पुढे रोगजंतूंचा शत्रू ठरला. 1908 साली अमेरिकेतील जर्सी सिटी येथे संपूर्ण शहराच्या पिण्याच्या पाण्यास क्लोरीनची नित्य मात्रा देण्यास आरंभ झाला, तीही हायपोक्लोराइटच्याच रूपाने.

आता या द्रावणाचा स्वभाव पाहू. ते स्थिर नाही. कॅन बंद असला तरी आतील हायपोक्लोराइटचे हळूहळू क्लोरेट व मीठ यांत रूपांतर होत असते. काही अंशी त्यातून ऑक्सिजनही निघून जातो. म्हणूनच कॅनच्या झाकणास वायू निसटण्यासाठी वाट ठेवावी लागते. उष्णता 10 अंश सेल्सिअसने वाढली तर हा ऱ्हास सुमारे तिपटीने ते चौपटीने वेगवान होतो. सूर्यप्रकाश त्यास साहाय्य करतो आणि लोखंड, तांबे, निकेल यांचा अंशही त्याची गती वाढवितो. शिवाय द्रावण जितके तीव्र, तितके ते लवकर उतरते. आपल्याकडील चैत्र-वैशाखात पत्र्याच्या छपराखाली पडून राहिलेल्या मालाची काय अवस्था होत असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

तेव्हा खरेदी करताना पहिली दृष्टी टाकावी ती उत्पादनाच्या तारखेवर. तारीख नसलेला किंवा उन्हात मांडून ठेवलेला कॅन स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. दुसरी गोष्ट टक्केवारीची. ‘12 टक्के’ याचा अर्थ 100 मिलिलिटरमध्ये 12 ग्रॅम उपलब्ध क्लोरीन की 100 ग्रॅममध्ये 12 ग्रॅम, हे विक्रेत्यास विचारून घ्यावे. द्रावण पाण्यापेक्षा जड असल्यामुळे हे दोन्ही आकडे एक नव्हेत. लिटरमागे 120 ग्रॅम क्लोरीन असलेले द्रावण वजनाच्या हिशेबाने सुमारे 10 टक्केच भरते. तिसरी गोष्ट, दोन-तीन आठवड्यांस पुरेल इतकाच माल घ्यावा, तो सावलीत व थंड जागी ठेवावा आणि जुन्या मालात नवा मिसळू नये.

वास उग्र आहे, रंग पिवळसर आहे, एवढ्यावरून बळ कळत नाही. द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटरही येथे फसवितो. कारण हायपोक्लोराइट नाहीसे झाले तरी त्याचे मीठ व क्लोरेट द्रावणातच राहतात आणि घनता जवळजवळ तशीच राहते. खरी परीक्षा अनुमापनाची. 10 मिलिलिटर नमुना पिपेटने घेऊन ऊर्ध्वपातित पाण्याने 250 मिलिलिटर करावा. त्यातील 25 मिलिलिटर, म्हणजेच मूळ द्रावणाचा 1 मिलिलिटर, शंकुपात्रात घ्यावा. त्यात सुमारे 2 ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड विरघळवावे व नंतर ॲसेटिक आम्ल घालावे. क्लोरीनच्या प्रमाणात आयोडीन मोकळे होऊन द्रावण तांबूस-तपकिरी होते. आता ब्युरेटमधून डेसिनॉर्मल सोडियम थायोसल्फेट सोडावे. रंग फिका पिवळा झाला की स्टार्चचे थेंब टाकावेत. निळा रंग येईल. तो ज्या थेंबाने नाहीसा होतो, तेथे थांबावे. लागलेल्या मिलिलिटरच्या संख्येस 0.3546 ने गुणले की 100 मिलिलिटरमागे किती ग्रॅम क्लोरीन आहे ते मिळते. 28.2 मिलिलिटर लागले तर बळ 10 टक्के, 14.1 लागले तर 5 टक्के.

प्रयोगशाळा जवळ नसेल तर दुसरा, काहीसा स्थूल उपाय आहे. 1 मिलिलिटर औषध ऊर्ध्वपातित पाण्यात घालून 1 लिटर करावे. त्यातील 20 मिलिलिटर घेऊन पुन्हा तशाच पाण्याने 1 लिटर करावे. माल 10 टक्क्यांचा असेल तर तलावाचे पाणी तपासण्याच्या डीपीडी संचात आता लिटरमागे 2 मिलिग्रॅम दिसले पाहिजेत. 1 दिसल्यास बळ निम्मे समजावे. मूळ औषध मात्र या संचात थेट घालू नये. अति तीव्र क्लोरीनने गुलाबी रंगच विटून जातो आणि क्लोरीन मुळीच नाही असा भास होतो.

या आकड्याचा उपयोग काय, तेही पाहू. 25 मीटर लांब, 10 मीटर रुंद व सरासरी दीड मीटर खोल तलावात 3,75,000 लिटर पाणी मावते. त्यात लिटरमागे 2 मिलिग्रॅम क्लोरीन वाढवावयाचे तर 750 ग्रॅम क्लोरीन हवे. माल 10 टक्क्यांचा असेल तर साडेसात लिटर पुरतील. 5 टक्क्यांचा असेल तर 15 लिटर लागतील. अर्थात ओतल्यावरही पाणी तपासलेच पाहिजे. मोकळे क्लोरीन लिटरमागे 1 ते 3 मिलिग्रॅम आणि सामू 7.2 ते 7.6 असावा, सामू 8 वर गेला की क्लोरीनचा जंतुनाशक भाग सुमारे चतुर्थांशच उरतो. तलावाजवळ डोळे चुरचुरविणारा वास आला तर क्लोरीन फार झाले असे लोक समजतात. बहुधा तो घाम व मूत्र यांच्याशी संयोग पावलेल्या क्लोरीनचा वास असतो. तेव्हा पाण्यात उतरण्यापूर्वी अंघोळ करणे हे पोहणाऱ्यांचेही कर्तव्य आहे.

एक इशारा विसरू नये. हे औषध आम्ल, संडास धुण्याचे ॲसिड किंवा अमोनिया यांत कधीही मिसळू नये. विषारी वायू तत्काळ निर्माण होतो. हाताळताना हातमोजे व चष्मा घालावा, आणि हे काम मोठ्यांनीच करावे.

त्या तलावावर आता एक वही ठेवलेली आहे. तीत कॅनची तारीख, तपासलेले बळ आणि ओतलेले माप हे तिन्ही आकडे काका स्वतः लिहितात. पाणी पुन्हा हिरवट दिसलेच, तर आम्ही काकांस बोल लावण्यापूर्वी ती वही उघडून पाहतो.