डोक्यातल्या मालमत्तेचा हिशेब

यंत्र विकत घेतलं तर ती मालमत्ता. ते चालवणाऱ्याला शिकवलं तर तो खर्च. हिशेबाची ही रीत जुनी आहे, आणि मंदी आली की पहिली कात्री प्रशिक्षणाला लागते ती काही अंशी तिच्यामुळेच.

आपल्याकडे ‘भेल’ या सरकारी कंपनीनं १९७४-७५ मध्येच मनुष्यबळाची किंमत अहवालात छापली. नव्वदच्या दशकात, मूळच्या पुण्याच्या इन्फोसिसनंही तोच कित्ता गिरवला. दोघांनी लेव आणि श्वार्ट्झ यांची १९७१ची पद्धत वापरली: निवृत्तीपर्यंत मिळणारा पगार मांडायचा आणि त्याचं आजचं मूल्य काढायचं. गंमत अशी, की पगारवाढ दिली की ‘मालमत्ता’ वाढते. निवृत्तीचं वय ५८ वरून ६० केलं तरी वाढते. नुसत्या आवाजावरून बेअरिंग गेलेलं ओळखणारा फिटर आणि त्याच श्रेणीतला, त्याच वयाचा कामचुकार मात्र एकाच भावाचे! हा ज्ञानाचा हिशेब नव्हेच, पगारपत्रकाचा.

स्कांडिया या स्वीडिश विमा कंपनीनं दुसरी वाट धरली. १९९१ मध्ये तिनं लेफ एडविन्सन यांच्याकडे बौद्धिक भांडवलाचं खातं सोपवलं. १९९४च्या अहवालाच्या पुरवणीमुळे त्यांचा ‘नॅव्हिगेटर’ गाजला. घरासारखी आकृती: छपराला पैसा, भिंतींना ग्राहक आणि कार्यपद्धती, पायाला नूतनीकरण, मधोमध माणसं. पुढे २००३ मध्ये त्याच कंपनीत वरिष्ठांच्या बोनसवरून वादळ उठलं आणि २००६ मध्ये ती ‘ओल्ड म्युच्युअल’च्या ताब्यात गेली. नीतीची जाण त्या आकृतीत कुठे बसणार?

मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो तो डेन्मार्कचा प्रयोग. तिथल्या सरकारनं कंपन्यांच्या बौद्धिक भांडवलाच्या अहवालासाठी २००० मध्ये मार्गदर्शिका काढली, २००३ मध्ये सुधारली. सुरुवात आकड्यांनी नाही. आपल्या मालाचा किंवा सेवेचा कोणाला काय उपयोग, त्यासाठी कोणतं ज्ञान लागतं, ते कुठे कमी पडतं, त्यावर आपण काय करणार, हे आधी साध्या भाषेत लिहायचं, आकडे त्यानंतर. पण सक्ती नव्हती, गुंतवणूकदारांनीही फारशी विचारपूस केली नाही. कंपन्यांनी हळूहळू असे अहवाल छापणं सोडलं. ऑस्ट्रियानं मात्र विद्यापीठांना २००२च्या कायद्यानंच असा ज्ञान-ताळेबंद लावून दिला.

२०१३च्या आंतरराष्ट्रीय एकात्मिक अहवालाच्या चौकटीत बौद्धिक भांडवल सहा भांडवलांपैकी एक झालं. शेअर बाजाराची नियामक ‘सेबी’नं २०१७ मध्ये ५०० बड्या कंपन्यांना ती चौकट सुचवली, तीही ऐच्छिक. २०२२-२३ पासून पहिल्या १००० कंपन्यांना सक्तीच्या शाश्वतता अहवालात किती जणांना प्रशिक्षण दिलं, किती टक्के लोक सोडून गेले, हे भरावं लागतं. गेलेल्यांबरोबर कोणतं काम कंपनीला येईनासं झालं, याला रकाना नाही.