पुलावर हक्क सांगणारी गोधडी

उन्हाळ्यातली रात्र. न्यूयॉर्कच्या हार्लेममधली डांबर घातलेली गच्ची. मोठी माणसं पत्ते खेळताहेत, टेबलावर खाणं मांडलंय, दोरीवर कपडे वाळताहेत. अंथरुणावर दोन मुलं पहुडली आहेत. त्यांतली आठ वर्षांची कॅसी वर आभाळातही दिसते, दिव्यांनी उजळलेल्या जॉर्ज वॉशिंग्टन पुलावरून उडताना.

ही चित्रकार फेथ रिंगगोल्ड यांची १९८८ मधली चित्रगोधडी, ‘टार बीच’. ‘वुमन ऑन अ ब्रिज’ मालिकेतली ही गोधडी आज न्यूयॉर्कच्याच गुगेनहाइम संग्रहालयाकडे आहे. मधलं चित्र कॅनव्हासवर ॲक्रिलिक रंगांत रंगवलेलं. त्याच्या वर आणि खाली शाईने लिहिलेली कॅसीची गोष्ट. भोवती फुलाफुलांच्या छापील कापडाचे तुकडे जोडून केलेली किनार. उंची सुमारे १९० सेंटिमीटर, रुंदी १७४.

चित्राला कापडाची किनार देण्याची कल्पना रिंगगोल्ड यांना तिबेटी थांगकांवरून, म्हणजे कापडी किनारीच्या धार्मिक चित्रांवरून, सुचली. १९७२ मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये त्यांनी ते पाहिले होते. अशी चित्रं गुंडाळून कुठेही नेता येतात, जड चौकटींची गरज उरत नाही. शिवण मात्र घरातलीच होती. त्यांची खापरपणजी गुलामगिरीत मालकांसाठी गोधड्या शिवायची. आई विली पोसी फॅशन डिझायनर. पहिली गोधडी, ‘इकोज ऑफ हार्लेम’, मायलेकींनी १९८० मध्ये मिळून केली.

गोधडीवरचा जॉर्ज वॉशिंग्टन पूलही गोष्टीचा दणकट नायक आहे. १९३१ मध्ये खुला झाला तेव्हा ३,५०० फुटांचा त्याचा मुख्य गाळा जगात सर्वांत लांब होता. मनोऱ्यांना दगडी आवरण द्यायचं ठरलं होतं. मंदीत ते राहून गेलं आणि पोलादी सांगाडा उघडाच राहिला. गोष्टीतल्या कॅसीचे वडील या पुलावर राबले आहेत, पण वर्णामुळे कामगार संघटना त्यांना सभासद करून घेत नाही. कॅसी ज्यावरून उडते ते तिचं होऊन जातं. म्हणून आधी ती पूल आपला करते, मग संघटनेची इमारत वडिलांना देऊन टाकते.

इथे गोधडीचं माध्यम केवळ सजावट राहत नाही. एके काळी खापरपणजीने शिवलेली गोधडी मालकाच्या बिछान्यावर जायची. तीच कला तिच्या वंशजेने भिंतीवर आणली, तिच्यावर स्वतःच्या घरातल्यांची गच्ची रंगवली आणि शहरातला सर्वांत भव्य पूल एका काळ्या मुलीच्या नावावर केला.