लोखंडी वाट – भाग ७ : हादरा चाकाचा की रुळाचा?

रेल्वेच्या वेळापत्रकात मलकापूर शोधलंत तर सापडेल, पण ते बुलढाणा जिल्ह्यातलं. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या मलकापूरला रेल्वे नाही. गाडी धरायची तर कोल्हापूर गाठायचं, नाहीतर आंबा घाट उतरून रत्नागिरी. गेल्या आठवड्यात रूळ चालत तपासणाऱ्या कीमनचं काम पाहिलं. आज धावत्या गाडीतून होणारी तपासणी.

या यंत्रणेचा जीव म्हणजे प्रवेगमापक. मोबाइल आडवा धरला की पडदा फिरतो, तो याच जातीच्या चिपमुळे. रेल्वेत ‘ओएमएस’ नावाचं उपकरण डब्याच्या फरशीवर ठेवतात. उभे-आडवे हादरे ते जागेसकट टिपतं. हादरा मर्यादेबाहेर गेला, की त्या किलोमीटरला जाऊन गँग रूळ तपासते, खडीचं पॅकिंग करते. मात्र फरशीपर्यंत पोचेस्तोवर बारीक हादरे स्प्रिंगांनी गिळलेले असतात. तेही हवे असतील तर सेन्सर चाकाशेजारी, ॲक्सल-बॉक्सवरच बसवावा लागतो. तिथलं तापमान मोजलं तर तापत चाललेलं बेअरिंगही वेळेत कळतं.

खरी गंमत पुढे आहे. हादरा तर नोंदला गेला, पण दोष कोणाचा? ब्रेक आवळलेलाच राहिला, की चाक फरफटतं आणि एका जागी सपाट होतं. डब्याच्या नव्या चाकाचा व्यास ९१५ मिलिमीटर, म्हणजे परीघ सुमारे २.८७ मीटर. तेवढ्या अंतरागणिक एक ठोका. ताशी १०० किलोमीटरला सेकंदाला जवळजवळ दहा. हा ठोका गाडी जाईल तिथे जातो. रुळाचा दोष जागचा हलत नाही. आज, उद्या, प्रत्येक गाडीला तो त्याच किलोमीटरला भेटतो. म्हणूनच अधूनमधून फिरणाऱ्या खास तपासणी गाडीपेक्षा रोजच्या साध्या गाडीवरचे सेन्सर मला जास्त मोलाचे वाटतात. जपानने आपल्या दोन ‘डॉक्टर येलो’ तपासणी गाड्यांपैकी एक जानेवारी २०२५ मध्ये निवृत्त केली आणि तिचं काम प्रवासी गाड्यांवरच्या उपकरणांकडे सोपवायचं ठरवलं.

पण हे सेन्सर चाकाखालचंच सांगतात, पुढ्यात पडलेल्या धोंड्याचं नाही. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कारवारहून मुंबईला निघालेली गाडी दरडीवर आदळली. पन्नासच्या आसपास माणसं गेली. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसचा असाच घात झाला. कोकण रेल्वेवर पावसाळ्यात वेग कमी ठेवतात, दरडींच्या जागी गस्त असते, पनवलच्या उंच पुलावर वारा मोजतात. ही सगळी नजर गाडीबाहेरची.

प्रस्तावित कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेमार्ग झालाच तर तो सह्याद्री फोडून जाणार. तिथे गाडीतले सेन्सर आणि डोंगरावरची पाळत, दोन्हींचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरायला हवा.