शौचावाटे रक्त : प्रत्येक वेळी मूळव्याधच का?

शौचाच्या वेळी रक्त दिसू लागले की त्यास सरसकट मूळव्याध म्हणण्याची रीत आपल्याकडे आहे. ‘उष्णता वाढली’ असे निदान घरच्या घरी होते. तिखट वर्ज्य केले जाते, ताक, सुरण व इसबगोल सुरू होतात आणि कोणी एखाद्या जाणत्याकडून पुडी आणतो. मध्यंतरी रक्त थांबले तर गुण आला असे मानले जाते. पुष्कळदा तो विकार खरोखरच मूळव्याधीचा असतो. परंतु काही रुग्णांच्या बाबतीत हेच रक्त मोठ्या आतड्याच्या किंवा गुदाशयाच्या कर्करोगाचे पहिले चिन्ह असते, आणि औषधाची पुडी घेण्यात गेलेले महिने भरून निघत नाहीत.

मोठे आतडे म्हणजे सुमारे दीड मीटर लांबीची नळी होय. ती पोटाच्या उजव्या बाजूस खालून सुरू होऊन वर जाते, पोटावरून आडवी डावीकडे वळते व तेथून गुदाशयापर्यंत उतरते. हिच्या आतील अस्तरावर काही व्यक्तींत चामखिळीसारखा मांसांकुर उगवतो. बहुतेक मांसांकुर निरुपद्रवी राहतात. काहींचे मात्र कर्करोगात रूपांतर होते. त्यास बहुधा दहा वर्षे किंवा अधिक काळ लागतो. या अवधीत मांसांकुर आढळला, तर पोट न उघडता दुर्बिणीच्या साहाय्यानेच तो बहुधा काढून टाकता येतो.

गाठ कोठे आहे यावर लक्षणे अवलंबून असतात. डाव्या बाजूस नळी अरुंद असून मळ घट्ट झालेला असतो. त्यामुळे तेथे अडथळा लवकर जाणवतो. शौचाची वर्षानुवर्षांची सवय बिघडते, कधी बद्धकोष्ठ तर कधी जुलाब होतात, मळाची जाडी कमी होते. गाठ गुदाशयात असल्यास रक्ताबरोबर आव पडते व शौचास जाऊन आल्यावरही कोठा साफ झाल्यासारखे वाटत नाही. आवेचा विकार आपल्याकडे इतका परिचित आहे की अशा रुग्णास आवेच्याच गोळ्या पुनःपुन्हा दिल्या जातात.

उजव्या बाजूची गाठ अधिक फसवी. तेथे नळी रुंद व मळ पातळ असल्याने अडथळा होत नाही. रक्त थोडेथोडे झिरपून मळात मिसळते व डोळ्यांस दिसत नाही. माणूस केवळ थकतो, फिकट पडतो, चढ चढताना त्यास धाप लागते. पन्नाशी उलटलेल्या पुरुषाच्या किंवा पाळी गेलेल्या स्त्रीच्या अंगात रक्त कमी आढळल्यास नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन भागत नाही. रक्त जाते कोठे, याचा शोध घेतला पाहिजे. (लोहाच्या गोळ्यांनी मळ काळा होतो आणि बीट खाल्ल्याने तांबडा, त्यास भिण्याचे कारण नाही.)

आरंभी वेदना बहुधा नसतात. ‘दुखत नाही, मग कशाला दवाखाना?’ हा विचार म्हणूनच घातक ठरतो. पोट फुगून वायू सरणे बंद झाले व उलट्या होऊ लागल्या तर मात्र रुग्णालयात त्याच दिवशी जावे.

मूळव्याधीचे रक्त शौचानंतर ताजे, थेंबाथेंबाने पडते व कर्करोगाचे मळात मिसळलेले असते, असे सांगतात. हा भेद सर्वस्वी विश्वसनीय नाही. गुदाशयातील गाठीचे रक्तही ताजे असू शकते, आणि मूळव्याध असलेल्या माणसास कर्करोग होणार नाही असेही नाही. खात्री तपासणीनेच होते. पहिली तपासणी बोटाने होते. तीस मिनिटभर पुरते, उपकरण लागत नाही आणि गुदाशयाच्या खालच्या भागातील कित्येक गाठी तिच्यात हाताला लागतात. संकोचापायी अनेक रुग्ण, विशेषतः स्त्रिया, हिला नकार देतात. हा संकोच फार महाग पडतो. मळातील अदृश्य रक्ताची चाचणी सोपी आहे. निर्णायक तपासणी दुर्बिणीची, म्हणजे कोलोनोस्कोपीची. गोव्यात ती बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात होते.

हा रोग मुख्यतः पन्नाशीनंतरचा असला तरी भारतात तिशी-चाळिशीतील रुग्णही आढळतात. आई, वडील किंवा भावंडास तो झाला असल्यास चाळिसाव्या वर्षी, अथवा त्या नातलगास ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे अगोदर येईल तेव्हा तपासणी करून घ्यावी.

रोग आतड्यापुरता मर्यादित असताना उपचार झाल्यास दहांपैकी सुमारे नऊ रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात, असे पाश्चात्य देशांतील आकडे सांगतात. तो यकृतापर्यंत पोचल्यावर हे प्रमाण फारच घसरते. शस्त्रक्रियेनंतर पोटावर कायमची पिशवी लागेल या भीतीनेही लोक मागे सरतात. वस्तुतः बहुसंख्य रुग्णांत आतड्याची दोन टोके पुन्हा जोडता येतात व पिशवी लागलीच तर अनेकदा काही महिन्यांपुरतीच असते. ज्यांना ती कायमची लागते, तेही शेतात, शाळेत व कचेरीत आपापली कामे करीत असतात.