तोंडातला मणी

आजी गेली तेव्हा घरात पहिली धावपळ झाली ती तुळशीपत्रासाठी. गंगाजलाचा गडू देवघरात होताच. मग काकूनं गळ्यातली पोत चाचपली, दातानं दोरा तोडला आणि त्यातला सोन्याचा एक बारीक मणी आजीच्या जिभेवर ठेवला. मी तेव्हा चौथीत होते. सोनं कशाला, असं मी विचारलं तर आमच्या माढ्याच्या घरातल्या त्या गर्दीत कोणाला उत्तर द्यायला सवड नव्हती. ओट्यावरचे एक म्हातारबाबा तेवढे म्हणाले, "रिकाम्या तोंडानं लावून देऊ नये माणसाला."

हे वाक्य मी विसरून गेले होते. पुढं बऱ्याच वर्षांनी चीनमधल्या जुन्या थडग्यांबद्दल वाचत असताना एका छायाचित्रापाशी थांबले. फिक्या हिरवट दगडाचा, बोटाच्या दोन पेरांएवढा एक कीटक. पाठीवर मिटलेले पंख, दोन्ही बाजूंना फुगीर डोळे. खाली माहिती होती की हा मेलेल्या माणसाच्या जिभेवर ठेवत असत. ओट्यावरचे म्हातारबाबा एकदम आठवले.

तो कीटक म्हणजे उकाड्यात आणि पावसाळ्याच्या तोंडाला झाडांवर बसून कानठळ्या बसेपर्यंत किर्र करतो तो, सिकाडा. त्याची अळी वर्षानुवर्षं जमिनीखाली मुळांचा रस पीत राहते. मग एके रात्री माती फोडून वर येते, खोडावर चढते, पाठीवर उलते आणि आतून पंखवाला जीव बाहेर पडतो. रिकामी कात सालीला तशीच चिकटून राहते. चिनी माणसानं हे बघितलं आणि त्याला वाटलं असावं की मातीत गेलेलं परत वर येऊ शकतं. म्हणून हान राजवटीच्या काळात, म्हणजे साधारण दोन हजार वर्षांपूर्वी, ऐपत असलेल्या घरातलं माणूस गेलं की त्याच्या जिभेवर हा दगडी कीटक ठेवत. कारागिरीही अशी की मोजक्या सरळ, ठाम घावांत अख्खा कीटक उभा. त्या शैलीला चिनी लोक 'हानचे आठ घाव' म्हणतात. ऐपत नसेल तर तांदळाचे दाणे, कवडी, नाणं. पण तोंड रिकामं नाही.

आता तो दगड. जेडला आपल्याकडं फारसीतून आलेलं यशब हे नाव होतं; मोगलांच्या कट्यारींच्या मुठी आणि शहाजहानचा प्रसिद्ध पेला याच दगडाचे. आपल्या शेतात नांगराला लागणाऱ्या गारगोटीपेक्षा जेड किंचित मऊच, पण गारगोटी हातोड्यानं फुटते आणि जेड फुटता फुटत नाही. कारण तो आतून तंतूंचा असतो. पिंजलेली लोकर दाबून बसवावी तसे त्याचे सूक्ष्म तंतू एकमेकांत गच्च गुंतलेले असतात. त्यामुळं छिन्नी चालत नाही आणि टवके काढता येत नाहीत. जेड कोरता येत नाही, झिजवावा लागतो. दोरी ओली करायची, तिला गारगोटीची भरड वाळू लावायची आणि करवतीसारखी मागंपुढं ओढत बसायचं. दगड दोरीनं नव्हे, वाळूनं कापला जातो. भोक पाडायचं तर बांबूची पोकळ नळी, पुन्हा वाळू, पुन्हा पाणी.

आणि हे काम लोखंड माहीत नसलेल्या माणसांनी केलं. शांघायच्या जवळपास, यांगत्झी नदीच्या मुखाकडच्या दलदलीत इसवी सनापूर्वी ३३०० ते २३०० या काळात लियांगझू नावाची संस्कृती नांदली. भातशेती करणारे, बांध घालणारे लोक. त्यांच्या थडग्यांत दोन आकार पुन्हा पुन्हा सापडतात. एक 'बी', म्हणजे मधोमध भोक असलेली सपाट चकती, लहानशा जात्याच्या तळीसारखी. दुसरा 'त्सोंग', बाहेरून चौकोनी आणि आतून गोल पोकळी असलेला ठोकळा. १९८६ साली फानशान इथल्या बाराव्या क्रमांकाच्या थडग्यात जो त्सोंग निघाला त्याचं वजन साडेसहा किलो, उंची मात्र वीतभरही नाही. त्यावर पिसांचा मोठा मुकुट घातलेला माणूस आणि त्याच्या खाली वटारलेल्या डोळ्यांचं श्वापद कोरलं आहे. काही रेषा इतक्या बारीक की मिलिमीटरभर रुंदीत अनेक बसल्या आहेत. भिंग नव्हतं, पोलाद नव्हतं.

मला त्या मुकुटापेक्षा भोक जास्त भावतं. त्सोंगचं भोक दोन्ही बाजूंनी पाडत आणत आणि मध्ये गाठत. कित्येक नगांमध्ये ही दोन भोकं नेमकी जुळलेली नाहीत, आत बोटाला लागेल अशी एक पायरी राहिली आहे. पाच हजार वर्षांपूर्वी कोणाचा तरी हात केसभर सरकला, त्याची ती पायरी.

हे दोन आकार कशासाठी होते? गोल चकती आकाशाची, चौकोनी ठोकळा पृथ्वीचा, असं जुन्या चिनी ग्रंथांत आहे. पण ते ग्रंथ लियांगझूनंतर दीड-दोन हजार वर्षांनी लिहिलेले. आपण आज यादवकाळाबद्दल बोलतो त्याच्या दुप्पट अंतर. म्हणून हे स्पष्टीकरण मी हातचं राखूनच घेते. दिसतं एवढंच की या जड, निरुपयोगी, महिनोन्महिने घासून केलेल्या वस्तू काही मोजक्या थडग्यांत ढिगानं मिळतात आणि बाकीच्यांत मिळत नाहीत. मेल्यावरही कोण मोठा हे ठरलेलं होतं.

पुढं हान काळात या दगडावरचा विश्वास पार टोकाला गेला. शरीराला नऊ दारं आहेत आणि ती जेडनं बंद केली तर शरीर कुजत नाही, अशी समजूत. दोन डोळे, दोन कान, दोन नाकपुड्या, तोंड आणि खालची दोन. चौथ्या शतकात गे होंग नावाच्या विद्वानानं तसं लिहूनच ठेवलं आहे. गीतेतलं नऊ दारांचं शहर आपल्या ओळखीचं. मोजणी दोन्हीकडं सारखी निघाली, पण आपण त्या दारांतून जीव जातो म्हणून सोडून दिलं आणि त्यांनी दारांना बुचं बसवली.

नुसत्या बुचांवर भागेना तेव्हा अंगभर पोशाख आला. १९६८ साली हपै प्रांतातल्या मानचंग इथं डोंगर फोडताना सैनिकांना खडकात खोदलेलं थडगं लागलं. ते होतं इसवी सनापूर्वी ११३ मध्ये मेलेल्या लियू शंग या राजपुत्राचं. दारू आणि बायका यांचा शौकीन, आणि जुन्या इतिहासग्रंथानुसार त्याला १२० हून अधिक मुलगे होते! त्याच्या अंगावर जेडच्या २,४९८ चपट्या पट्ट्या होत्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यांना भोकं आणि त्यांतून ओवलेली सोन्याची तार, एकूण सुमारे ११०० ग्रॅम. चेहरा, बोटं, तळपाय, सगळं झाकलेलं. शेजारच्या थडग्यात त्याची राणी दोउ वान, तीही तशाच पोशाखात. तारेलासुद्धा पायरी होती: वरच्यांना सोन्याची, त्याखाली चांदीची, त्याखाली तांब्याची.

आणि आत? आत माती. देह कुजून गेला होता, दगड तेवढा शाबूत. पुढं चोरांनी सोन्याच्या तारेसाठी थडगीच्या थडगी उकरली, पोशाख जाळून सोनं वितळवलं. शेवटी २२२ साली साओ फी या बादशहानं हे पोशाखच बंद करून टाकले. इतिहासातल्या शहाण्या हुकुमांत मी हा बराच वर ठेवीन.

मानचंगचं थडगं उघडलं त्याच १९६८ साली आपल्याकडं शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावला कुदळ पडत होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं तिथं १९८३ पर्यंत उत्खनन केलं, ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही त्यामागची नावं. इसवी सनापूर्वी १६०० पासून ७०० पर्यंत तिथं शेतकरी नांदले. बार्ली पिकवली, नदीतून पाट काढला, कुडाच्या घरांत राहिले. त्यांनी पुरलेल्या माणसांची अडीचशेहून जास्त दफनं तिथं मिळाली. यात जेड कुठंच नाही. आहे ती माती, थोडं तांबं आणि लाल दगडाचे मणी.

त्यांचं मसणवट गावाबाहेर नव्हतं. माणूस घरातच, जमिनीखाली. लहान मूल गेलं तर दोन मोठी करड्या रंगाची मडकी घ्यायची, मूल आत ठेवायचं, मडक्यांची तोंडं एकमेकांना भिडवायची आणि जमिनीत खड्डा करून ती जोडी आडवी ठेवायची. वर पुन्हा सारवण. म्हणजे आई ज्या जमिनीवर दळत, रांधत, निजत होती, त्याच्या हातभर खाली तिचं मूल होतं. दात न आलेलं मूल आपल्याकडं आजही जाळत नाहीत, पुरतात. नेवाशाला अशाच एका बाळाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. गंजामुळं दोऱ्याचे तंतू टिकून राहिले होते. ते तपासले तेव्हा कापसाबरोबर रेशीम निघालं. तीन हजार वर्षांपूर्वी, प्रवरेकाठी, मेलेल्या बाळाच्या गळ्यात रेशमाचा दोरा. तो आला कुठून यावर वाद घालणारे घालोत. मी त्या ओवणाऱ्या हातापाशीच अडकते.

मोठ्या माणसांना मात्र इनामगावकर उताणं झोपवत, डोकं उत्तरेला. उत्तरेला डोकं करून निजू नये म्हणून लहानपणी आपण सगळ्यांनी बोलणी खाल्ली आहेत, त्यामुळं हे वाचून अंगावर काटा येतो. शेजारी अन्नपाण्याची भांडी. आणि घोट्यापासून खाली पाय नाहीत. पाय पुरण्याआधीच तोडलेले. संशोधकांचा अंदाज असा की मेलेल्यानं उठून चालत परत येऊ नये किंवा गाव सोडून जाऊ नये म्हणून. आपल्या गोष्टींतल्या भुतांचे पाय उलटे असतात; या लोकांनी पायच ठेवले नाहीत. ज्याला घराखालीच ठेवायचं त्याचीच इतकी भीती, हे कोडं मला तरी सुटलेलं नाही. जेडच्या पोशाखात मेलेल्याचे तळपायसुद्धा जपून ठेवले होते आणि इथं ते कोयत्यासारख्या कशानं तरी उडवले होते.

एका माणसाचे पाय मात्र शाबूत आहेत. वस्तीच्या मधोमध पाच खोल्यांचं मोठं घर, शेजारी धान्याचं कोठार. त्याच्या अंगणात चार आखूड पायांचा, कच्च्या मातीचा, पोट पुढं आलेला एक रांजण निघाला. रांजणाकडं नुसतं पाहिलं तरी दिवस भरलेल्या बाईची आठवण होते. आत प्रौढ पुरुष, मांडी घालून बसलेला. गावचा प्रमुख असावा असं अनुमान आहे, आणि कोठार पाहता ते पटतं. असाच आणखी एक चार पायांचा रांजण तिथं मिळाला, पण त्यात हाडं नव्हती. सोबतच्या भांड्यावर लांब वल्ह्यांची नाव रंगवलेली. ज्याचा देह हाताला लागला नाही अशा कोणासाठी तो पुरला असेल का?

मांडी घालून बसलेला माणूस सोलापूर जिल्ह्यात कोणाला परका वाटणार नाही. लिंगायत समाजात आजही मृताला बसवूनच नेतात, फुलांनी सजवलेल्या आसनात, आणि बसवूनच समाधी देतात. हातात इष्टलिंग, भस्म, बेलाची पानं. इनामगाव आणि ही रीत यांच्यात दोन हजार वर्षांची मोठी पोकळी आहे, त्यामुळं एकातून दुसरी आली असं म्हणायला आधार नाही. पण गेलेल्याला झोपलेलं नव्हे, बसलेलं पाहावंसं वाटणं हे या मातीत दोनदा घडलं, एवढं खरं.

आम्ही मात्र जाळणारे. आजीचा मणी आगीत गेला. तिसऱ्या दिवशी सावडताना तो कोणी शोधला नाही, अस्थी गोळा झाल्या आणि चंद्रभागेत गेल्या. तीन हजार वर्षांनी कुदळ मारणाऱ्याला आमच्या घराबद्दल काहीही कळणार नाही. लियू शंगच्या पट्ट्या मोजता आल्या, नेवाशाच्या बाळाचा दोरासुद्धा तपासता आला. काकूची तुटलेली पोत मात्र फक्त मला माहीत आहे, म्हणून इथं लिहून ठेवली.

इनामगावच्या खाली घोड भीमेला मिळते आणि ती भीमा उजनीला अडते. उजनी आमच्या माढा तालुक्यातलं गाव. त्या काठावरून गेलेलं पाणी धरणात, धरणातून आमच्या उसाला. त्या लोकांच्या वस्तू पाहायच्या असतील तर पुण्यात येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जा, आणि चिनी जेड पाहायचा असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, टाटा बंधूंनी दिलेल्या संग्रहात. दोन्हीकडं जाणारी गाडी कुर्डुवाडीला मिळते.