कल्याणमित्र : ग्रामीण मुलामुलींच्या जडणघडणीत प्रौढ स्वयंसेवकाचे स्थान

शाळेची स्मरणिका निघते तेव्हा तिच्यात इमारतींची, निकालांची आणि देणगीदारांची नोंद होते. ती व्हायलाच हवी. परंतु शाळेच्या कुंपणाबाहेर राहिलेल्या मुलांची नोंद सहसा कोठेच होत नाही. आमच्या वसतिगृहात बहुतेक वेळा एका घरातील एकच मूल असते. त्याची भावंडे गावीच वाढत असतात. दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुटीत आमचे विद्यार्थीही त्याच वस्तीत परततात आणि शाळा संपली की कायमचे परततात. तेथे त्यांच्यासाठी कोण उभे असते, हा प्रश्न माजी विद्यार्थी, पालक व समाजबांधव यांच्यापुढे मांडावा, हा या लेखाचा हेतू आहे.

मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा 2009 चा कायदा 6 ते 14 या वयोगटापुरता आहे. मूल आठवी संपवते आणि कायद्याने धरलेला हात सुटतो. त्यानंतरची चार-पाच वर्षे खेड्यातील मुलांच्या आयुष्यातील सर्वांत निसरडी वर्षे होत. कनिष्ठ महाविद्यालय तालुक्याच्या गावी असते आणि एस.टी.ची वेळ जुळत नाही. मुलगी असेल तर जाण्यायेण्याच्या काळजीपोटी तिचे शिक्षण थांबते आणि स्थळे पाहणे सुरू होते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत हंगाम सुरू झाला की घराला कुलूप लागते. मूल एक तर फडावर जाते, नाही तर म्हाताऱ्या आजीजवळ गावात मागे राहते. मुलगा असेल तर मिळेल ते काम, हातातला मोबाइल आणि नाक्यावरची बैठक यांत त्याचे दिवस जातात. ज्या घरात आजवर कोणी प्रवेशअर्ज भरलेला नाही, त्या घरातील मुलाला पुढची पायरी दाखवणारे घराबाहेरचे एखादे जाणते माणूस लागते. पगार न घेता, परंतु ठरलेल्या वेळी व ठरलेल्या जागी हे काम करणाऱ्या प्रौढ स्त्री-पुरुषांना आम्ही येथे स्वयंसेवक म्हणतो. आपल्या धम्मात त्यांच्यासाठी अधिक नेमका शब्द आहे : कल्याणमित्र.

चांगल्या मित्रांचा सहवास म्हणजे श्रेष्ठ जीवनाचा अर्धा भाग होय, असे आनंद एकदा म्हणाला. त्यावर तथागतांनी त्याला दुरुस्त केले : अर्धा नव्हे, कल्याणमित्रता हेच संपूर्ण श्रेष्ठ जीवन होय. संयुत्त निकायातील हा छोटा संवाद भिक्षुजीवनासंबंधी आहे. पण त्यातील तत्त्व वस्तीतील पंधरा वर्षांच्या मुलालाही तितकेच लागू पडते.

परंपरा आपलीच आहे

स्वयंसेवा ही अलीकडे संस्थांनी आणलेली कल्पना आहे, असा काहींचा समज दिसतो. इतिहास वेगळे सांगतो. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1855 मध्ये शेतकरी व कष्टकरी स्त्री-पुरुषांसाठी रात्रशाळा सुरू केली. दिवसाचे काम आटोपून शिकायला येणाऱ्यांसाठी शिकवणाऱ्यांनीही आपली रात्र दिली.

20 जुलै 1924 रोजी बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिचे कार्य पाहिले म्हणजे तरुणांच्या जडणघडणीचा त्यांनी किती बारकाईने विचार केला होता ते कळते. 4 जानेवारी 1925 रोजी सभेने सोलापूर येथे वसतिगृह उघडले. मुंबईत मोफत वाचनालय चालवले आणि महार हॉकी क्लबही काढला. हॉकी क्लब कशासाठी, असे आज कोणी विचारील. तरुणांचा रिकामा वेळ जुगारात व दारूत जाऊ नये, त्याला निरोगी वळण लागावे, यासाठी तो होता. पुस्तक, निवारा आणि मैदान ही तिन्ही साधने एकाच सभेने एकाच काळात हाती घेतली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुढे धारवाडच्या वसतिगृहाचा भार बळवंतराव वराळे यांनी वाहिला. तेथील मुले उपाशी आहेत हे कळताच रमाईंनी आपल्या बांगड्या काढून दिल्या, ही हकीकत आपल्या घराघरांत सांगितली जाते. ती ऐकताना रमाईंच्या त्यागाने डोळे भरून येतात. पण त्या वसतिगृहात रोज मुलांच्या पानात काय पडते हे पाहणारे एक माणूस होते, ही गोष्टही त्याच हकीकतीत आहे.

सिगालाला सांगितलेली पाच कर्तव्ये

स्वयंसेवकाने नेमके काय करायचे? याचे उत्तर दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात मिळते. राजगृहात सिगाल नावाचा गृहस्थपुत्र पित्याच्या अंतिम इच्छेनुसार रोज पहाटे ओलेत्याने सहा दिशांना नमस्कार करीत असे. तथागतांनी त्याला दिशांचा नवा अर्थ सांगितला : पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे आचार्य, आणि याप्रमाणे प्रत्येक दिशा हे एक मानवी नाते होय, त्या नात्यातील कर्तव्ये पार पाडणे हीच खरी दिशापूजा. या सुत्ताला गृहस्थांचा विनय म्हणतात. नोकरी, शेती व संसार सांभाळणाऱ्या माणसांसाठीच ते आहे, म्हणून आम्हास ते येथे विशेष उपयुक्त वाटते. आचार्याने शिष्याप्रति पाळावयाची पाच कर्तव्ये त्यात सांगितली आहेत.

पहिले कर्तव्य, चांगले वळण लावणे. वळण उपदेशाने लागत नाही. मोठ्यांच्या वागण्याने लागते. अभ्यासिका सायंकाळी सातला उघडायची ठरली असेल तर किल्ली सातला दारात हवी. स्वयंसेवक तंबाखू मळत व्यसनमुक्तीवर बोलू लागला तर मुले कान बंद करतात. शिस्त म्हणजे धाक नव्हे. मोठ्यांनी दिलेला शब्द पाळला जातो, याचा मुलांना रोज येणारा अनुभव म्हणजे शिस्त.

दुसरे कर्तव्य, शिकवलेले नीट ग्रहण करवणे. गावच्या अभ्यासिकेत दुसरी शाळा भरवू नये. मूल कोठे अडले आहे ते शोधणे हे तेथले काम. नववीतील मुलाला बीजगणित येत नाही, कारण पाचवीतील अपूर्णांक राहून गेलेला असतो. वर्गात साठ मुलांपुढे शिक्षकाला तेवढे मागे जाता येत नाही. समोर सहा मुले घेऊन बसलेल्या स्वयंसेवकाला ते जमते. त्यासाठी पदवी लागत नाही, सबुरी लागते. ज्यांना लिहितावाचता येत नाही अशा माताही पाढे म्हणवून घेऊ शकतात, मूल अडखळते की नाही हे ऐकू शकतात.

तिसरे कर्तव्य, विद्या न राखता देणे. आपल्याजवळ आचार्याची मूठ नाही, म्हणजे शिष्यांपासून झाकून ठेवलेले काहीही नाही, असे तथागतांनी अखेरच्या काळात आनंदाला सांगितले. ज्या समाजाला शतकानुशतके ज्ञानाची मूठ बंदच आढळली, त्याला या वाक्याचे मोल कोणी समजावून सांगावे लागत नाही. मात्र ही मूठ आपल्याही हाताची होऊ शकते. कोणती परीक्षा केव्हा असते, कोणत्या योजनेला कोणता दाखला लागतो, ही माहिती शिकलेल्या घरांत सहज असते आणि शेजारच्या घरात पोहोचत नाही. पाचवीतील मुलाला नवोदय विद्यालयाची प्रवेशपरीक्षा देता येते व तेथील किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. जिल्हा परिषदेच्या वा अनुदानित शाळेत आठवीत शिकणाऱ्या, उत्पन्नमर्यादेत बसणाऱ्या मुलाला राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा देता येते. निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. ही माहिती विहाराच्या फळ्यावर तारखांसह लिहून ठेवणे, हेही धम्मदानच होय.

चौथे कर्तव्य, शिष्याची मित्रपरिवारात ओळख करून देणे. या कर्तव्याकडे आपले सर्वांत कमी लक्ष गेले आहे. चर्नी रोडच्या बागेत नित्य अभ्यास करणाऱ्या भीमराव नावाच्या मुलाकडे कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाचे लक्ष गेले. हा मुलगा त्यांच्या नात्यातला वा जातीचा नव्हता. त्यांनी त्याची विचारपूस केली, पुस्तके दिली, सत्कारप्रसंगी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले आणि पुढे सयाजीराव महाराजांशी त्याची गाठ घालून दिली. त्यातून महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. त्या चरित्राचा आपल्या मनावर खोल परिणाम झाल्याचे बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवले. बुद्धिमत्ता भीमरावांचीच होती. पण तिच्यासाठी दार कोणी ठोठावले, तर केळुसकर गुरुजींनी. आज आमचे माजी विद्यार्थी बँकांत, न्यायालयांत, रुग्णालयांत व कारखान्यांत आहेत. गावच्या मुलीला परिचारिका व्हायचे असेल तर तिला एक दिवस आपल्या रुग्णालयात घेऊन जाणे, आपल्या सहकाऱ्यांशी तिची ओळख करून देणे, याला पैसा लागत नाही. ज्यांच्या वाडवडिलांच्या ओळखी नसतात, त्यांना अशी एक ओळखसुद्धा वारशासारखी पुरते.

पाचवे कर्तव्य, सर्व दिशांनी संरक्षण करणे. आज या संरक्षणाचे एक नाव कागद आहे. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातीच्या कुटुंबाला 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. आजोबांच्या शाळेतील नोंद वेळेत न सापडल्याने प्रवेशाच्या ऐन वेळी धावपळ होते. दहावीच्या वर्षीच हा कागद शोधून ठेवणे, पडताळणीचा अर्ज वेळेत भरवणे हे स्वयंसेवकाने करावे. दुसरे संरक्षण देहाचे व मनाचे. मुलीचे लग्न 18 वर्षांपूर्वी ठरत असेल तर घरच्यांशी प्रथम बोलावे आणि ऐकले नाही तर कायद्याची मदत घ्यावी. लैंगिक अत्याचारापासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या 2012 च्या कायद्याने, अशी घटना कळल्यावर ती पोलिसांना कळवणे प्रत्येकाला बंधनकारक केले आहे. गावाची अब्रू वा भावकीचा दबाव ही सबब चालत नाही. 1098 हा क्रमांक अभ्यासिकेच्या भिंतीवर ठळक लिहिलेला असावा.

अभ्यासिका कशी चालवावी

विहार वा समाजमंदिर, फळा, दिवे आणि सतरंजी एवढ्यावर आरंभ होतो. टिकते ती मात्र काही नियमांवर. एकट्या माणसावर काम सोपवू नये. प्रत्येक सायंकाळी दोन प्रौढ हजर असावेत आणि त्यांपैकी शक्यतो एक स्त्री असावी. मुलांच्या सुरक्षिततेसाठी हे आवश्यक आहे, आणि एक आजारी पडला तर दार बंद राहत नाही. कोणत्याही प्रौढाने एखाद्या मुलाला वा मुलीला बंद खोलीत एकटे बसवू नये. हजेरीची वही ठेवावी. सलग तीन दिवस मूल आले नाही तर चौथ्या दिवशी त्याच्या घरी जावे. शाळा सुटण्याची चाहूल बहुधा येथेच लागते.

कारभार मुलांच्या हाती द्यावा. अध्यक्ष, चिटणीस व खजिनदार मुलांनी मतदानाने निवडावेत, ते ठरावीक मुदतीने बदलावेत, इतिवृत्त लिहावे, चाळीस रुपयांचा हिशेबही सभेत मांडावा. सोलापूरच्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी स्वतः मासिक काढले होते, हे येथे आठवावे. लोकशाही नागरिकशास्त्राच्या पुस्तकात वाचलेला मुलगा आणि विरोधात पडलेले मत शांतपणे स्वीकारलेला मुलगा यांत फरक असतो.

दोन धोक्यांचा उल्लेख केला पाहिजे. पहिला गटबाजीचा. गावात दोन जयंती मंडळे असतील तर अभ्यासिका कोणाची, हा वाद प्रथम निघतो. ती कोणत्याही गटाची वा पक्षाची नसावी. दुसरा धोका आपल्यातीलच भेदाचा. अभ्यासिकेत मातंग, चर्मकार, भिल्ल, धनगर, मराठा, मुसलमान कोणाचेही मूल आले तर त्याला बसायला सतरंजी मिळाली पाहिजे. विहाराच्या दारात जात विचारली गेली तर तो विहार राहत नाही.

वेळेचा मुष्टिफंड

आपला समाज वर्गणी देण्यात मागे नाही. जयंतीला, विहाराच्या बांधकामाला रोजंदारीवरची माणसेही हात सैल सोडतात. वेळेची वर्गणी मात्र अवघड जाते. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेसाठी आयाबहिणी दळणातले मूठभर धान्य बाजूला काढीत. त्या मुष्टिफंडावर गोरगरिबांची मुले जेवली आणि शिकली. तसाच वेळेचा मुष्टिफंड आता उभारता येईल. आठवड्यातून दोन तास म्हणजे वर्षाला शंभराच्या वर तास. सात-आठ माणसांनी वार वाटून घेतले तर गावातील अभ्यासिका आठवडाभर उघडी राहते.

जे शहरात आहेत त्यांनी एका मुलाची वा मुलीची जबाबदारी घ्यावी. दर रविवारी ठरलेल्या वेळी दूरध्वनी करावा, गुण विचारण्याआधी ख्यालीखुशाली विचारावी, प्रवेशाच्या दिवसांत प्रत्यक्ष यावे. आरंभीच एवढेच कबूल करावे जेवढे दोन वर्षे निभेल. मोठ्या उत्साहाने येऊन चार महिन्यांत दिसेनासे झालेले माणूस मुलाच्या मनात अविश्वास ठेवून जाते, आणि पुढे येणाऱ्याचे काम त्यामुळे अधिक कठीण होते. उपकाराची भाषाही नको. मुलांना दाता नको असतो. आपले नाव लक्षात ठेवणारे आणि आपण न दिसल्यास विचारायला येणारे मोठे माणूस हवे असते.

माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती इतकीच. या स्मरणिकेच्या समारंभाहून गावी जाल तेव्हा आठवी संपवून घरी बसलेल्या मुलामुलींची नावे एका कागदावर लिहा. त्यांतील एक नाव आपले समजा आणि त्या घरी कोणत्या वारी, किती वाजता जाणार, ते त्याच कागदावर नावापुढे लिहून ठेवा.