गवतकापणी यंत्राच्या चालन-पंपाची परीक्षा व बदली

बसून चालविण्याचीं मोठीं गवतकापणी यंत्रें, ज्यांस अमेरिकेंत राइडिंग मोअर म्हणतात, आपल्याकडे गोल्फचीं मैदानें व मोठ्या संस्थांचीं आवारें यांपलीकडे फारशीं दिसत नाहींत. तेव्हां शेतकऱ्यांच्या मासिकांत त्यांचा विचार कशास, असें कोणी विचारील. परंतु ज्या योजनेनें या यंत्रांचीं चाकें फिरतात तीच योजना, आकारानें मोठी होऊन, आपल्या भातखाचरांत भाड्यानें चालणाऱ्या पुष्कळ कापणी-मळणी यंत्रांत व उसाच्या फडांत उतरलेल्या तोडणी यंत्रांत आहे. गवतकापणी यंत्रांत ती लहान, उघडी व हाताशीं येणारी असल्यामुळें तिच्यावरून परीक्षेची रीत समजून घेणें सोपें जातें; म्हणून प्रस्तुत लेखांत तिचाच विचार केला आहे.

तक्रार बहुधा एकाच स्वरूपाची असते. यंत्र सकाळीं नीट चालतें. ऊन चढलें, तेल तापलें कीं चढावर त्याची दमछाक होते. पुढें पुढें सपाटीवरहि तें एका बाजूस ओढूं लागतें. मिस्त्री पाहतो, "पंप गेला" म्हणतो. नवा पंप येतो, बसतो, आणि आठवड्याच्या आंत यंत्र पुन्हां पूर्वस्थितीवर येतें. पंप हा अशा यंत्रांतील महागड्या भागांपैकीं एक आहे, आणि तो यावयास जे दिवस लागतात ते नेमके हंगामाचे असतात. ज्यानें कर्ज काढून यंत्र घेतलें व तें भाड्यानें लाविलें, त्याचें त्या दिवसांत दुहेरी नुकसान होतें. आमचें म्हणणें इतकेंच कीं पंपावर दोष ठेवण्यापूर्वीं तो परीक्षेनें सिद्ध करावा, व सिद्ध झाल्यावर जुन्या पंपाची घाण नव्या पंपाच्या पोटांत जाऊं देऊं नये.

प्रथम रचना पाहूं. जागच्या जागीं वळणारें हें यंत्र १९६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत अमेरिकेच्या कॅन्सस राज्यांत जॉन रेजिअर यानें तयार केलें. चारा कापण्याचीं व त्याचे गठ्ठे बांधण्याचीं यंत्रें करणारा मोठा कारखानाहि याच राज्यांतला. तेव्हां या यंत्राचें कूळ शेतीचेंच आहे. आज धंद्यासाठीं जीं अशीं यंत्रें वापरतात त्यांत बहुधा दोन पंप असतात. एंजिन पट्ट्यानें दोन्ही पंप फिरवितें. डावा पंप डाव्या चाकाच्या मोटरीस तेल देतो, उजवा उजव्या चाकाच्या. येथें मोटर म्हणजे विजेची नव्हे. दाबाखालीं येणाऱ्या तेलानें फिरणारी ती मोटर. पंपाच्या पोटांत एक फिरतें नळकांडें असून त्यांत लहान दट्ट्ये वर्तुळाकार बसविलेले असतात. या दट्ट्यांचीं टोंकें एका तबकडीवर टेकून घसरतात. तबकडी सरळ असेल तर दट्ट्ये नुसते फिरतात व तेल मुळींच ढकललें जात नाहीं. चालकानें तरफ पुढें केली कीं तबकडी तिरपी होते, दट्ट्ये आंत-बाहेर करूं लागतात, तेल एका दिशेनें वाहतें व चाक पुढें जातें. तरफ मागें ओढली कीं तबकडी उलट तिरपी होऊन चाक मागें येतें. गिअर नाहीं, क्लच नाहीं. वेग व दिशा दोन्ही या तबकडीच्या कलण्यावर.

हें तेल पंपाकडून मोटरीकडे व मोटरीकडून परत पंपाकडे असें बंद फेऱ्यांत फिरतें. दट्ट्ये व नळकांडें यांच्या फटींतून थोडें तेल झिरपतें, त्यानें घांसणाऱ्या भागांस वंगण मिळतें व तें टाकींत परततें. जेवढें झिरपलें तेवढें भरून काढण्यास मुख्य पंपाच्याच दांड्यावर एक छोटा पूरक पंप असतो. तो टाकींतून फिल्टरच्या वाटेनें तेल ओढून फेऱ्यांत घालतो. ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं सामान्यतः फिल्टर या पूरक तेलाच्या वाटेवर असतो, मुख्य फेऱ्यांत नसतो. याचे परिणाम पुढें दिसतील.

आतां झीज. दट्ट्ये व नळकांडें झिजलीं कीं फट वाढते. तेल थंड व दाट असतां तें फटींतून फारसें निसटत नाहीं. तापून पातळ झालें कीं निसटतें. सकाळीं चांगलें व दुपारीं दुबळें हें जें लक्षण तें येथून येतें. परंतु तेंच लक्षण मोटर झिजल्यानेंहि येतें, आणि हलक्या जातीचें पातळ तेल भरल्यानेंहि येतें. म्हणून केवळ लक्षणावर निर्णय करूं नये.

परीक्षेच्या आरंभीं स्वतःस एकच प्रश्न विचारावा: दुबळेपणा दोन्ही चाकांस आहे कीं एकास? दोन स्वतंत्र पंप एकाच दिवशीं, एकाच प्रमाणांत झिजणें फार क्वचित् घडतें. दोन्ही बाजू सारख्याच मंदावल्या असतील तर दोष दोघांच्या सामाईक गोष्टींत शोधावा. पट्टा चकचकीत होऊन घसरत असेल, पट्टा ताणणाऱ्या पुलीची स्प्रिंग सैल झाली असेल, एंजिनच पूर्ण फेरे घेत नसेल, टाकींत तेल कमी असेल, फिल्टर तुंबला असेल, किंवा टाकीकडून येणारी नळी सैल बसून वाटेंत हवा ओढत असेल. हवा शिरली असेल तर तेल फेसाळ दिसतें व पंप रडका आवाज करतो. तेल दुधासारखें पांढुरकें असून यंत्र रात्रभर उभें राहिल्यावरहि निवळत नसेल तर त्यांत पाणी गेलें आहे असें समजावें. पंपाच्या डोक्यावर थंडाव्यासाठीं जो लहान पंखा असतो त्याचीं पातीं मोडलेलीं व भोंवतीं गवताचा चुरा दाटलेला, हें दृश्य तर नित्याचें आहे. अशा पंपाचें तेल तापल्यास नवल तें काय? तेलाच्या जातीविषयींहि येथेंच सांगतों. कित्येक अमेरिकन उत्पादक या पंपांसाठीं २०डब्ल्यू-५० जातीचें एंजिनाचें तेल सांगतात, कांहीं आपलेंच खास तेल सांगतात. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचें उरलेलें तेल सर्वांस चालतें हा जो समज आहे तो सोडून द्यावा व यंत्राचें पुस्तक पाहावें.

दुबळेपणा एकाच बाजूस असेल तर प्रथम त्या बाजूची बायपास झडप पाहावी. एंजिन बंद असतां यंत्र हातानें ढकलतां यावें म्हणून ही झडप ठेवलेली असते. ती अर्धवट उघडी राहिली तर पंपाचें तेल चाकाकडे न जातां झडपेंतून परत फिरतें, आणि अगदीं नवा पंपहि मेल्यासारखा वागतो. नंतर तरफेपासून पंपाच्या बाहूपर्यंतचे दांडे व सांधे पाहावे. दोन्ही बाजूंचे बाहू सारख्याच अंतरापर्यंत वळतात काय? एका बाजूचा सांधा झिजून तबकडी पुरती कलत नसेल तर तें चाक मंदच जाईल. त्यांत पंपाचा अपराध नाहीं. पंपाच्या पुलीची चावी कातरली गेल्यास पुली फिरते व दांडा मागें राहतो, तेंहि पाहावें. शेवटीं यंत्र भक्कम टेकूंवर उचलून, बायपास झडप उघडून, चाक हातानें फिरवून पाहावें. ब्रेक घांसत असेल तर तें तेव्हांच कळतें.

इतकें झाल्यावरहि दोष उरला तर तो पंपांत कीं मोटरींत हा प्रश्न राहतो, आणि तो सोडविण्याची एक सोपी रीत आहे. डाव्या पंपाच्या दाबनळ्या उजव्या मोटरीस व उजव्या पंपाच्या डाव्या मोटरीस जोडाव्या. ज्या नळीनें चाक पुढें जातें ती पलीकडच्या मोटरीच्या तशाच तोंडास लावावी, नाहीं तर चाक उलटें फिरेल. मग हवा काढून, तेल नेहमीच्या कामाइतकें तापवून, मोकळ्या सपाट जागीं, पातीं बंद ठेवून यंत्र सावकाश चालवावें. पूर्वीं डावें चाक दुबळें होतें; आतां उजवें दुबळें झालें, तर दोष डाव्या पंपाबरोबर पलीकडे गेला, म्हणजे तो पंपाचा. डावें चाक अद्याप दुबळेंच असेल तर पंप निर्दोष व मोटर दोषी. या वेळीं डावी तरफ उजव्या चाकास लागू असते याचें भान असावें. सवयीनें वळवूं गेल्यास यंत्र भलतीकडे वळतें. नळ्यांची लांबी सर्वच यंत्रांत अशी अदलाबदल करण्यास पुरत नाहीं, आणि मोठ्या कापणी-मळणी यंत्रांत ही रीत घरीं करूंच नये. तेथें प्रवाहमापक लावणारा जाणता मनुष्य बोलवावा.

प्रवाहमापकाचें तत्त्व मात्र मालकानें समजून घ्यावें, कारण त्याच्याच आंकड्यांवर त्याचे पैसे खर्च व्हावयाचे असतात. समजा, एका फेऱ्यांत १० घन सेंटिमीटर तेल ढकलणारा पंप मिनिटास ३,००० फेरे घेत आहे. हिशेबानें त्यानें मिनिटास ३० लिटर तेल द्यावें. (१६ घन सेंटिमीटरचा असता तर ४८ लिटर.) मापकाची झडप मोकळी असतां २९ लिटर आले, झडप आवळून दाब चढविल्यावर २७ राहिले, तर दोन लिटर फटींतून निसटले, हें सहन होण्याजोगें आहे. पण २७ च्या जागीं १८ उरले तर एक तृतीयांशाहून अधिक तेल पंपांतल्या पंपांतच फिरून तापत आहे. हे आंकडे रीत समजण्यापुरते घेतले आहेत. कोणत्या दाबास किती घट चालेल हें त्या त्या पंपाच्या पुस्तकांत दिलेलें असतें. परीक्षा गरम तेलावर व्हावी आणि दोन्ही वेळीं एंजिनचे फेरे तेच असावे. थंड तेलावर घेतलेला आंकडा मालकानें स्वीकारूं नये. मापकाची झडप कधींहि पुरती बंद करूं नये. कित्येक लहान पंपांत जादा दाब सोडणारी झडप नसते, आणि मग काय फुटेल तें सांगवत नाहीं.

येथें एक सूचना इतर सर्व सूचनांहून महत्त्वाची आहे. दाबाखालच्या नळीस सुईच्या टोंकाएवढें छिद्र असलें तरी त्यांतून निघणारी धार कातडी भेदून आंत शिरते. बाहेरून केवळ एक ठिपका दिसतो, सुरुवातीस फारसें दुखतहि नाहीं, आणि मनुष्य काम चालू ठेवतो. आंत गेलेलें तेल मात्र मांस कुजवितें व बोट किंवा हात कापण्याची पाळी येते. गळती हातानें चांचपून कधींहि शोधूं नये, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून शोधावी. तेल अंगांत शिरल्याची शंका आली तरी त्याच घटकेस मोठें रुग्णालय गांठावें व दाबाचें तेल आंत गेलें आहे असें डॉक्टरांस स्पष्ट सांगावें.

पंप खरोखरच गेला असें ठरलें, तर तो उतरण्यापूर्वीं जुना फिल्टर कापून उलगडून पाहावा. चुंबकास लागणारी किंचित् करडी पूड असते, तिची भीति नको. लोखंडाचे चमकते कण किंवा चुंबकास न लागणारे पिवळे कण पुष्कळ दिसले, तर आंतील धातु सोलून निघाला आहे. मागें सांगितलेला बंद फेरा येथें आडवा येतो. हे कण पंपांतून मोटरींत व मोटरींतून परत पंपांत जातात, फिल्टर त्यांच्या वाटेंत नसतो. केवळ पंप बदलून जुन्या नळ्या व जुनी मोटर तशीच ठेविली तर नव्या पंपास पहिल्याच तासांत जुन्याचे कण मिळतात. नवे पंप पुन्हां पुन्हां जाण्याचें हें एक मोठें कारण आहे, आणि दोष दुकानदाराच्या मालास दिला जातो. म्हणून नळ्या बदलाव्या, निदान चांगल्या धुवाव्या. टाकी रिकामी करून पुसावी. मोटर उघडून साफ करावी. फिल्टर व तेल नवें घालावें. उलट, दांड्याच्या सीलमधून नुसतें तेल गळत असेल व ओढ शाबूत असेल तर पंप बदलण्याचें कारणच नाहीं. सील बदलून काम भागतें.

मागणी करतांना जुन्या पंपावरील पत्र्याचा अनुक्रमांक जसाच्या तसा उतरून पाठवावा. बाहेरून सारखे दिसणारे दोन पंप फिरण्याच्या दिशेनें भिन्न असतात. उलट दिशेचा पंप बसविल्यास पूरक पंप तेल ओढणारच नाहीं. पुली पुलरनेंच काढावी. दांड्यावर हातोडा मारल्यास धक्का आंतील दट्ट्यांस व तबकडीस लागतो. नळ्यांच्या जोडांस जेथें रबरी कडी असते तेथें पांढरी फीत गुंडाळूं नये, तिचे धागे तुटून फेऱ्यांत जातात. नव्या पंपाचें पोट सुरू करण्यापूर्वींच स्वच्छ तेलानें भरून घ्यावें, कारण पहिल्या कांहीं क्षणांत त्यास दुसरें वंगण नसतें.

हवा काढण्याची रीत अशी: चाकें जमिनीपासून उचलून यंत्र टेकूंवर ठेवावें, दोन्ही बायपास झडपा उघडाव्या, एंजिन मंद गतीनें चालू करून तरफा पांच-सहा वेळां सावकाश पुढें-मागें कराव्या. मग एंजिन बंद करून झडपा लावाव्या, तेल पाहून भरावें, आणि एंजिन चालू करून तोच प्रकार पुन्हां करावा. चाकें दोन्ही दिशांस सारखीं व आवाजाविना फिरूं लागेपर्यंत हें चालू ठेवावें. तोंवर यंत्र कामास लावूं नये. तरफ मध्यावर असतां चाक किंचितहि सरकत असेल तर दांड्याचा पेंच फिरवून तें थांबवावें. पहिल्या दिवसाचें काम संपल्यावर तेल निवूं द्यावें व टाकींतील पातळी पुन्हां पाहावी. अडकलेली हवा निघून गेल्यानें ती बहुधा उतरलेली असते.